आज नाही चालली

कुत्रं कसं निवडायचं, हे मास्तरांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. जात बघायची नाही, कान-शेपूट बघायची नाही. एक चेंडू घ्यायचा, कुत्र्याला त्याच्याशी दोनदा खेळवायचं आणि मग तो गुडघाभर गवतात भिरकावून द्यायचा. आपण हाताची घडी घालून उभं राहायचं. बहुतेक कुत्री दोन-चार मिनिटं हुंगतात आणि आपल्या तोंडाकडे बघत परत येतात. ती घरी पाळायला चांगली. एखादं मात्र अर्धा तास होऊन जातो, तोंडाला फेस येतो, तरी गवत सोडत नाही. त्याच्यात ओढ असते. मास्तरांच्या कुत्र्यांच्या प्रशिक्षण केंद्रातले सगळे हाच शब्द वापरायचे. ओढ असली की बाकी सगळं शिकवता येतं. ओढच नसली तर शिकवणाऱ्यानं डोकं फोडून घेतलं तरी उपयोग नाही.

मास्तर एकतीस वर्षं मालगोदामांसाठी चोरटा माल हुंगून काढणारी कुत्री तयार करत होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. घरी बायको "अहो" म्हणायची, मुलगी "बाबा" म्हणायची आणि बाकी सगळ्या जगाला ते मास्तर होते, कुत्र्यांचे मास्तर.

आणि आता बायकोचीच ओढ गेली होती.

सात महिन्यांपूर्वी तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. तीन आठवडे दवाखान्यात काढून ती घरी आली तेव्हा सगळे म्हणाले, नशीब बघा, हात गेला नाही, पाय गेला नाही, तोंड वाकडं झालं नाही. खरंच होतं ते. पायात ताकद होती. हाताची पकड अशी होती की तपासणाऱ्या नर्सनं "सोडा हो आजी" म्हणून हसून हात सोडवून घेतला. पण खुर्चीत बसवलं की ती बसायची. सकाळी बसवली तर दुपारी तिथेच असायची. हातात चमचा दिला तर चमचा धरून बसायची, समोरचं सूप गार व्हायचं. काही विचारलं तर मिनिटभरानं एखादा शब्द यायचा. ज्या बाईनं शाळेच्या कचेरीत पंचवीस वर्षं तीन-तीन हेडमास्तरांना गप्प बसवलं होतं, ती आता तोंडावर बसलेली माशीसुद्धा हाकलत नव्हती.

"दुःखी आहे का ती?" मास्तरांनी दवाखान्यातल्या मानसतज्ज्ञ बाईंना विचारलं.

मानसतज्ज्ञ बाई तरुण होत्या, पण बोलायला घाई करत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "उदास नाहीत त्या. आळशीपणाही नाही हा. आपण पाणी पितो ना, तेव्हा आधी तहान लागते, मग प्यावंसं वाटतं, मग आपण उठतो. त्यांना तहान लागते. उठायला पायही आहेत. मधलं ते 'वाटणं' जिथून येतं, नेमकं तिथे रक्त सांडलंय."

"मग ते वाटणं परत आणायचं कसं?"

"माणूस कशामुळे हलतो याबद्दल आमच्यातही एकमत नाही," बाई म्हणाल्या. "कुणी म्हणतं, आतून काही कमी पडलं की हलतो. भूक, भीती, एकटेपणा. कुणी म्हणतं, हलल्यावर काय मिळतं त्यावर सगळं ठरतं. आणि काहीजण म्हणतात, काही कामं माणूस कशासाठीच करत नाही, ती त्याला स्वतःची वाटतात म्हणून करतो. तुमच्या बायकोचं आतलं यंत्र बंद आहे, म्हणून आपण बाहेरून सुरुवात करू. छोटं काम, लगेच काहीतरी आवडीचं."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होतं. "बक्षीस," ते म्हणाले.

"हो. पण एक लक्षात ठेवा. नवीन काहीतरी द्या. जे आधीपासून त्यांचंच आहे, ते काढून घेऊन त्याचं बक्षीस करू नका."

मास्तरांनी मान डोलावली. मान डोलावताना त्यांच्या मनात यादी सुरू झाली होती.

यादी आठवडाभरात संपली. बिस्किटं झाली, रेडिओ झाला, जुने फोटो झाले, कचेरीतल्या दोन मैत्रिणी येऊन रडून गेल्या. ती सगळ्याकडे सारखंच बघायची, भिंतीकडे बघावं तसं.

"मास्तर, वहिनींचा चेंडू काय, ते सापडत नाहीये तुम्हाला," केंद्रातला दाढी म्हणाला. दाढी हा मास्तरांच्या हाताखाली पंधरा वर्षं असलेला माणूस. हनुवटीवर दाढी आणि जिभेला हाड नाही. "सापडला की मलाही सांगा. माझी बायको पण माझ्यासाठी उठत नाही."

"तू हाक मारतोस म्हणून उठत नाही. तू गप्प बसून बघ, आनंदानं उठेल."

"बघा, दुःखातही मास्तर चावायचं सोडत नाहीत," दाढी पिंजरे धूत म्हणाला.

चेंडू सापडला तो अचानक. मुलगी दूरच्या शहरात एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा आणि मास्तर तो बायकोच्या कानाला लावून धरायचे. मुलगी एकटीच बोलायची, आई ऐकायची, कधी "हं" म्हणायची. त्या दिवशी मास्तर अंघोळीला गेले होते. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर राहिला आणि वाजला. मास्तर टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आले तर खुर्ची रिकामी होती. बायको टेबलापाशी उभी होती. फोनला हात लावला नव्हता, नुसती वाजणाऱ्या फोनकडे बघत उभी होती. पण सहा पावलं चालून आली होती. कुणी न उठवता.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. गवतात अर्धा तास हुंगणारं कुत्रं बघून यायचा, तसा.

त्याच संध्याकाळी ते मुलीशी गॅलरीत जाऊन बोलले.

"रोज सहाला फोन करू नकोस. मी मेसेज केला की कर. ती चालली की मी लगेच कळवीन, तू लगेच लाव. नाही चालली तर त्या दिवशी नाही."

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग मुलगी म्हणाली, "बाबा, आई कुत्रं नाहीये."

"मी कुठे म्हणतोय? अगं, आज सहा पावलं चालली ती. सात महिन्यांत पहिल्यांदा. पोट भरलेलं जनावर हलत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे."

"परत जनावरच म्हणालात."

"सवय आहे जिभेला. तुला ती चालायला हवी आहे ना?"

असं विचारल्यावर मुलगी काय बोलणार? ती म्हणाली, "ठीक आहे. पण मानसतज्ज्ञ बाईंना विचारा." मास्तर "हो" म्हणाले. विचारलं नाही. बाईंनी बक्षीस द्या म्हणून सांगितलंच होतं, आणखी काय विचारायचं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

केंद्रातून त्यांनी पिवळ्या चिकटपट्टीचं एक रीळ आणलं. कुत्र्याला जिथपर्यंत यायला शिकवायचं तिथे जमिनीवर पट्टी लावतात आणि दर दोन-तीन दिवसांनी ती थोडी पुढे सरकवतात. पहिली पट्टी खुर्चीपासून तीन पावलांवर लावली. मास्तर पट्टीच्या पलीकडे फोन घेऊन उभे राहायचे. बायको उठली, पट्टीपर्यंत आली की मेसेज करायचे, मिनिटात फोन वाजायचा. दिवसभर सांभाळायला येणारी मावशी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. मावशीनं आधी चार म्हाताऱ्या सांभाळल्या होत्या. ती म्हणाली, "मास्तर, जादू आहे हो तुमच्या हातात."

जादूच होती. तीन पावलं सहा झाली, सहाची बारा. तिसऱ्या आठवड्यात पट्टी गॅलरीच्या दारापाशी गेली. खुर्चीपासून बावीस पावलं. बायको भिंतीला हात न लावता तिथपर्यंत जायची. फोन कानाला लागला की तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. एकदा ती "जेवलीस?" म्हणाली. मुलगी तिकडे रडायला लागली. मास्तरांनी डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात सगळ्यांना पेढे वाटावेत तशी ती बातमी वाटली.

पण त्याच दिवसापासून त्यांना आत काहीतरी टोचायला लागलं. फोन धरलेला हात त्यांचा होता. अंघोळ तेच घालत होते, केस तेच विंचरत होते, घास तेच भरवत होते. बायको फोनकडे बघायची. फोन बंद झाला की काळ्या झालेल्या पडद्याकडे बघत राहायची. पट्टीशी फोन घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं. मास्तर "शाब्बास" म्हणायचे, ते रस्त्यावरच्या हॉर्नसारखं तिच्या कानावरून जायचं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दाढीला सांगितलं ते वेगळंच.

"आता चेंडू कमी करायची वेळ आली," ते म्हणाले.

दाढीला समजावून सांगायची गरज नव्हती. कुत्रं पक्कं झालं की चेंडू हळूहळू काढून घेतात आणि मागे नुसता शब्द ठेवतात. गोदामात कुणी खिशात चेंडू घेऊन फिरत नाही. मालकाच्या "शाब्बास"वर काम करेल तेच कुत्रं तयार झालं म्हणायचं.

"एवढ्यात?" दाढी म्हणाला. "चारच आठवडे झालेत. आपण कुत्र्यालाही चार महिने देतो."

"उद्या फोन बंद पडला तर? पोरगी कामात असली तर? जन्मभर त्या फोनवर चालणार का ती?"

दाढीनं ब्रश खाली ठेवला. नेहमीसारखा हसला नाही. "मास्तर, रागावू नका. वहिनी चालायला हव्यात, की तुम्ही म्हणाल तेव्हा चालायला हव्यात?"

"तू पिंजरे धू," मास्तर म्हणाले.

रविवारी त्यांनी सुरुवात केली. सहा वाजता बायको उठली, बावीस पावलं चालली आणि गॅलरीच्या दारापाशी थांबली. "शाब्बास!" मास्तर म्हणाले, आणि तिची पाठ थोपटली. ती थांबून राहिली. मास्तर पुन्हा "शाब्बास" म्हणाले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग त्यांनी तिला धरून खुर्चीत आणून बसवलं. मुलगी तिकडे वाट बघत असणार. ती चालली असं कळवलं तर ती फोन लावणार आणि सगळं मुसळ केरात जाणार. म्हणून त्यांनी लिहिलं : आज नाही चालली.

सोमवारीही तेच झालं. ती चालली, थांबली, वाट बघितली. मास्तरांनी लिहिलं : आज नाही चालली. मुलीनं लिहिलं, "बरं नाहीये का तिला?" मास्तरांनी लिहिलं, "बरी आहे. होतं असं मधून मधून."

मंगळवारी बायको दारापाशी आली आणि तिनं हात पुढे केला. उजवा हात. कोपरात वाकवून, तळवा वर करून, मास्तरांच्या समोर धरला.

रक्तस्राव झाल्यापासून तिनं आपणहून कुणाकडे काही मागितलं नव्हतं. पाणी मागितलं नव्हतं, पांघरूण मागितलं नव्हतं.  त्यांनी तिच्या हातात आपला हात ठेवला.

"शाब्बास गं," ते म्हणाले. 

तिनं त्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोटं सैल केली. मास्तरांचा हात तसाच हवेत राहिला.

"मास्तर, फोन मागतायत त्या," मावशी दारातून म्हणाली.

"मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही."

"मला नसेल कळत. पण मागतायत त्या फोनच."

"तुम्ही सूप बघा, उतू जाईल," मास्तर म्हणाले. मावशी आत गेली. मास्तरांनी लिहिलं : आज नाही चालली.

बुधवारी ती अर्ध्यातून परत फिरली. गुरुवारी दोन पावलं टाकून परत येऊन बसली. शुक्रवारी सहा वाजले, सव्वासहा वाजले, ती उठलीच नाही. आदल्या दिवशीपर्यंत तिची मान फोनकडे वळायची, शुक्रवारी तीही वळली नाही.

आता मास्तर घाबरले. त्यांनी फोन हातात घेतला, मुलीचा नंबर काढला. नुसतं बोट टेकवायचं बाकी होतं. पण बसलेल्या कुत्र्याला चेंडू दिला की कुत्रं बसायला शिकतं, हे त्यांनी एकतीस वर्षांत दीडशे पोरांना शिकवलं होतं. आत्ता फोन लावला तर तो बसल्याबद्दल लावल्यासारखा होईल. उद्या आधी तिला उठवू, दोन पावलं तरी चालवू आणि मग फोन लावू. पुन्हा पहिल्या पट्टीपासून सुरू करू. एका दिवसानं काय बिघडतं? त्यांनी फोन खाली ठेवला आणि लिहिलं : आज नाही चालली. सहा दिवसांत तेवढं एकच खरं लिहिलं.

शनिवारी सकाळी ते तिच्यासाठी अंडं उकडत होते. मागून आवाज आला, कुणी जोरात घोरावं तसा. ते धावत गेले तेव्हा तिचं डोकं खुर्चीच्या पाठीवर कलंडलं होतं. रुग्णवाहिका आली तोवर घोरणं थांबलं होतं. आलेल्या माणसानं मनगट धरलं, डोळ्यांत उजेड टाकला आणि खिशातला कागद काढून वेळ लिहिली.

मुलगी दुसऱ्या दिवशी पोहोचली. माणसं आली, माणसं गेली. जे करायचं असतं ते सगळं झालं. दाढीनं ते सगळं अंगावर घेतलं, एक विनोद केला नाही. आईच्या कपाटासमोर उभं राहून मुलगी पाच-पाच मिनिटं एकेका कपड्याकडे बघायची आणि पुन्हा घडी घालून तिथेच ठेवायची. बापाशी नीट बोलायची. "बाबा, चहा घेतलात? बाबा, थोडं पडा." मास्तरांना ते सहन होत नव्हतं.

चौथ्या दिवशी मावशी किल्ली परत द्यायला आली. मुलगी दुकानात गेली होती. मावशीनं किल्ली ओट्यावर ठेवली, पण निघाली नाही.

"तिला सांगितलंत?"

"काय सांगायचं?"

"मास्तर, मी तिला काही बोलणार नाही. माझ्या तोंडून तिला ते कळू नये. पण काल ती मला काय विचारत होती माहितीये? म्हणाली, मावशी, आई माझ्यावर रागावली होती का? चार आठवडे चालत होती आणि मग माझ्याशी बोलायलाच नको झालं का तिला? मी म्हटलं, नाही गं बाळा. पण माझ्या 'नाही'ला तिच्या लेखी काय किंमत? आठवडाभर तुमचेच मेसेज वाचलेत तिनं."

मास्तरांनी किल्ली उचलून खिळ्याला अडकवली.

"जन्मभर घेऊन फिरेल ती हे," मावशी म्हणाली. "बघा बाबा तुम्ही." आणि पायात चपला घालून गेली.

मुलगी परत आली ती जमिनीवरच्या पट्ट्यांना लागली. भाजी चिरायची सुरी घेऊन खुर्चीजवळ बसली आणि पिवळ्या पट्टीचं टोक खरवडायला लागली. मास्तर समोर स्टुलावर बसले होते. आपण गप्प राहिलो तर काय होईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. ती आणखी दोन दिवस राहील, परत जाईल, रोज सहाला त्यांना फोन करेल, जेवलात का विचारेल. ती सवयीची पोर होती, सोडणार नाही. त्यांच्या आयुष्यात आता तेवढंच यायचं बाकी होतं. आणि बोलले तर तेही कदाचित येणार नव्हतं.

तीन पट्ट्या निघाल्या. ती गॅलरीच्या दाराकडे सरकली.

"ही शेवटची ना?" तिनं विचारलं. "इथपर्यंत आली होती, आणि मग एकदम बंद झाली."

"बंद नव्हती झाली," मास्तर म्हणाले.

तिनं मान वर केली.

"रविवारी आली होती तिथपर्यंत. सोमवारी आली. मंगळवारी पण."

"तुम्ही लिहिलं होतं—"

"खोटं लिहिलं."

सुरी तिच्या हातात तशीच राहिली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती पीं-पीं करत होती. ती थांबली तेव्हा मुलीनं सुरी खाली ठेवली.

"का?"

"कुत्र्याला चेंडूवरून शब्दावर आणायचं असतं, तेव्हा सुरुवातीला—"

"कुत्र्याचं नको, बाबा."

 कुत्र्याचं काढून टाकल्यावर आपल्याजवळ बोलायला काय उरतं, हे ते शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "मला वाटायचं, एकदा तरी माझ्यासाठी उठावी. तुझ्या फोनसाठी नाही. मी म्हटलं म्हणून."

मुलगी हसली. ते हसणं ऐकून मास्तरांना वाटलं, त्यापेक्षा तिनं ओरडावं.

"तुमच्यासाठी? आणि जन्मभर कुणासाठी उठत होती? साडेचारला उठून डबा करायची तुमचा, कारण तुमचं केंद्र सहाला उघडायचं. तिची कचेरी दहाला होती. ताप असला तरी उठायची. मी म्हणायचे, आई, बाबा घेतील काहीतरी बाहेर, झोप तू. तर म्हणायची, नाही गं, बाहेरचं त्यांना सोसत नाही. कुणी सांगितलं होतं तिला? काय देत होतात तुम्ही त्याबद्दल?"

"काही नाही."

"शाब्बास म्हणाला होतात कधी?"

"नाही."

"कधी विचारलंत, का करतेस म्हणून?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी खरंच कधी विचारलं नव्हतं. डबा तयार असायचा, ते घेऊन जायचे.

मुलगी उठून खिडकीशी गेली. पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मी काय करत होते माहितीये त्या आठवड्यात? पावणेसहाला एक्स-रेची खोली दुसऱ्या मुलीला सांभाळायला द्यायची आणि जिन्यात जाऊन बसायचे. रोज. तुमचा मेसेज आला की परत कामाला जायचे. पेशंटला सांगायचे, श्वास धरा, हलू नका. आणि डोक्यात एकच, की आईला आता माझं काही वाटेनासं झालंय." तिनं खिडकी लावून घेतली. "आणखी काय राहिलंय? सांगायचंच आहे तर सगळं सांगा."

इथे थांबता आलं असतं. मास्तर थांबले नाहीत.

"मंगळवारी तिनं हात पुढे केला. मला वाटलं, माझा हात मागतेय. म्हणून मी दिला. मावशी म्हणाली, फोन मागतायत. मी मावशीला गप्प केलं. तिनं माझा हात सोडून दिला."

मुलगी वळली. "हात पुढे केला? तिनं?"

"हो."

"तुम्ही सांगितलं नसताना?"

"आपणहून केला."

"फोनसाठी."

"तुझ्यासाठी," मास्तर म्हणाले.

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. आल्यापासून ती अशी रडली नव्हती. मास्तर उठले नाहीत. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण हात जागचा हलला नाही. या रडण्यात आपण कुठेच नाही, हे त्यांना कळत होतं. आई गेल्याला चार दिवस झाले होते आणि या क्षणी मुलीला ती परत मिळत होती. ती आई या घरातल्या दुसऱ्या माणसाबरोबर वाटून घ्यायची तिची तयारी नव्हती.

रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि बॅग भरायला घेतली.

"परवा निघणार होतीस," मास्तर म्हणाले.

"आज निघते."

तिनं फोनवरून गाडी मागवली. आईचा एक स्वेटर घेतला, बाकी कपाट तसंच ठेवलं. मास्तर बॅग घेऊन जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर तिनं बॅग त्यांच्या हातातून घेतली. हिसकावली नाही, नुसती घेतली. खाली गाडी येऊन उभी होती.

मास्तरांना खूप काही बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "पोहोचलीस की फोन करशील?"

मुलीनं बॅग मागच्या सीटवर ठेवली. थोडा विचार केला. चिडून काहीतरी फेकावं तसं ती बोलली नाही, खरं उत्तर शोधून दिल्यासारखं बोलली.

"माहीत नाही, बाबा. वाटलं तर करीन."

मास्तरांनी मान हलवली. रोज नको, आठवड्यातून एकदा कर, असं जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. ड्रायव्हरनं आरशात बघून विचारलं, "निघायचं का?"

"निघा," मुलगी म्हणाली आणि दार ओढून घेतलं.